बिथरलेलं पोट्टं आणि हृदयाचा ब्रेक

वर्गात एखाद्या पोट्ट्यानं बाक उलटवला, दप्तर भिरकावलं की आपल्याकडे दोन निदानं तयार असतात. 'माजला आहे' किंवा 'बाहेरचं लागलं'. पहिल्यावर छडी, दुसऱ्यावर नाकाला कांदा नाही तर चप्पल, मेळघाटात भूमकाही (गावचा मांत्रिक-वैदू). छडीला शिक्षण हक्क कायद्याच्या (2009) कलम 17 नं बंदी आहेच. भूतबाधेच्या नावाखाली मारहाण करणं तर 2013 पासून राज्यात गुन्हा आहे.

साप दिसो की सरांचा उगारलेला हात, मेंदूतली बदामाच्या आकाराची अमिग्डाला गजर करते. मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींतून ॲड्रेनालिन सुटतं, स्नायू ताठरतात. कपाळामागचा विचारी भाग त्याच वेळी ढिला पडतो. तसाही तो पंचविशीपर्यंत पिकत असतो. म्हणून 'का केलंस, बोल!' याला उत्तर येत नाही.

आता माझी आवडती भानगड. मोठ्या माणसाच्या हृदयाची स्वतःची लय मिनिटाला साधारण 100 ठोक्यांची. तरी बसल्या जागी नाडी 70 च्या आसपास लागते, कारण व्हेगस हा मज्जातंतू सतत ब्रेक दाबून असतो. 1921 मध्ये ओटो लोवी या शास्त्रज्ञांनी बेडकाच्या हृदयाचा हा मज्जातंतू चेतवला, त्या हृदयातलं द्रावण दुसऱ्या हृदयाला दिलं आणि तेही मंदावलं. त्यातलं रसायन म्हणजे ॲसिटिलकोलिन. ते पेशींतल्या पोटॅशियमच्या वाटा उघडतं, धनभारित पोटॅशियम बाहेर पडतं, पेशीच्या आत ऋणभार वाढतो, पुढचा ठोका लांबतो. श्वास घेताना हा ब्रेक सैल होतो, सोडताना आवळतो. मनगटावर बोटं ठेवून बघा.

पण पोरावर 'श्वास घे!' असं खेकसून ब्रेक लागत नाही. बाईंनी आधी स्वतः लांब श्वास सोडावा. बाकीची पोरं व्हरांड्यात काढावी. दुसरे सर मीटिंगला तालुक्याला गेले असतील (असतातच), तर पोषण आहाराच्या ताईंना हाक मारावी. मग दाराची वाट न अडवता, दोन-तीन हात लांब, बाजूला बसून हळू आणि मोजकं बोलावं. ॲड्रेनालिन काही मिनिटांत ओसरतं, पण ताणाचं दुसरं रसायन, कॉर्टिसॉल, 20-30 मिनिटांनी शिगेला पोचतं. चौकशी जेवणाच्या सुट्टीनंतर, नाही तर उद्या.

झटके येऊन शुद्ध हरपली तर ती फीट असू शकते. कुशीवर वळवा, तोंडात काही कोंबू नका, प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. जिवाचं बरंवाईट करायची भाषा करणाऱ्या पोराला एकटं सोडू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो, तिथं मराठीत बोलता येतं.