एशियाडची कबड्डी, लॉबीचा नियम आणि हांगझोऊची ती फायनल

हांगझोऊची पुरुष फायनल 7 ऑक्टोबर 2023 ला झाली, भारताने इराणला 33-29 हरवलं आणि गोल्ड परत आलं. पण अजूनही कुठे कबड्डीचा विषय निघाला की गाडी त्या शेवटच्या मिनिटावरच येऊन अडते, जिथे लॉबीच्या म्हणजे मैदानाच्या कडेच्या पट्टीच्या नियमावरून वाद झाला आणि भारताला जास्त पॉइंट मिळाले. अर्धे म्हणतात पंचांनी भारताला झुकतं माप दिलं, अर्धे म्हणतात नियमच तसा आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो, पॉइंट बरोबर दिले. मात्र हा घोळ त्या एका चढाईत झालेला नाही, तो कित्येक वर्षं शिजत होता आणि त्यात आपला स्वतःचा वाटा मोठा आहे.

फार मागे जात नाही. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या पोरांनी तिथे जाऊन कबड्डी खेळून दाखवली होती, 1982 ला दिल्लीच्या एशियाडमध्ये ती नुसती प्रदर्शनापुरती होती, आणि 1990 ला बीजिंगला पहिल्यांदा पदकाचा खेळ झाली. तिथून 2014 पर्यंत पुरुषांची सात गोल्ड सलग. सुरुवातीच्या एशियाडमध्ये समोर बांगलादेश नाहीतर पाकिस्तान असायचे, गोल्ड आपलंच असं घरी बसलेल्यालाही माहीत असायचं, आणि तिथेच सगळ्यांना सवय लागली की कबड्डी म्हणजे हक्काचं पदक, त्यासाठी वेगळं काही करायची गरज नाही.

2010 ला ग्वांगझूत बायकांची कबड्डी सुरू झाली, तेही गोल्ड आपलं. पण त्याच वर्षी पुरुषांच्या फायनलला समोर इराण होता. ही गोष्ट तेव्हा कोणी फार मनावर घेतली नाही. 2014 ला इंचॉनला मात्र घाम फुटला, मध्यंतराला इराण चांगल्याच फरकाने पुढे होता आणि आपण कसंबसं 27-25 काढलं. दोन पॉइंटचा फरक! पेपरात दुसऱ्या दिवशी सातवं गोल्ड एवढंच ठळक आलं.

त्याच 2014 मध्ये प्रो कबड्डी चालू झाली. लीगने खेळाडूंच्या हातात पैसा दिला, गावातल्या पोरांना टीव्हीवर आणलं, ते मोठंच काम आहे. पण इराण आणि कोरियाची पोरं पण इथेच येऊन खेळायला लागली, आपल्याच चढाईपटूंसोबत महिनोन्‌महिने सराव, कोण कुठल्या पायावर वळतो, कोण बोनस पॉइंट घ्यायला कधी जातो, सगळं त्यांना पाठ. 2016 च्या अहमदाबादच्या वर्ल्ड कपला पहिल्याच मॅचमध्ये कोरियाने आपल्याला 34-32 हरवलं होतं. कप शेवटी आपण जिंकला म्हणून ती हार विसरली गेली.

मग 2018, जकार्ता. गटात कोरियाकडून 23-24 हार आणि सेमीफायनलला इराणने 27-18 धुतलं, एशियाडमध्ये पहिल्यांदाच पुरुषांचं गोल्ड गेलं. बायका फायनलला इराणकडून 24-27 हरल्या. आणि इराणच्या त्या मुलींना तयार कोणी केलं तर आपल्या नाशिकच्या एका प्रशिक्षक बाईंनी. तिकडे जाऊन त्या थोडी फारसी शिकल्या, मुलींकडून योगा आणि प्राणायाम करून घेतला आणि गोल्ड काढून दाखवलं. त्या बाईंवर राग काढणाऱ्यांना मला एवढंच विचारायचंय की असं ज्ञान आपल्याकडे असताना ते आपल्या संघाला का नाही मिळालं. याचं उत्तर देशातला खेळ चालवणाऱ्या कबड्डी संघटनेने द्यायचं आहे, बाईंनी नाही.

संघटनेची अवस्था तर त्याच वर्षी कोर्टात उघडी पडली. एशियाडच्या संघाची निवड नीट झाली नाही अशी तक्रार दिल्ली हायकोर्टात गेली होती, कोर्टाने पदाधिकाऱ्यांच्या निवडी रद्द करून प्रशासक बसवला, वर असंही सांगितलं की एशियाडला गेलेला संघ आणि डावललेले खेळाडू यांची मॅच घ्या. 15 सप्टेंबर 2018 ला डावललेले खेळाडू मैदानात येऊन थांबले आणि एशियाडचा संघ आलाच नाही. हा प्रसंग लोक विसरतात, पण मला तो जकार्ताच्या हारीपेक्षा जास्त लागला होता.

आता लॉबी. मैदानाच्या दोन्ही बाजूला एक-एक मीटरची पट्टी असते ती लॉबी. चढाईवाल्याचा आणि बचाववाल्याचा स्पर्श होऊन झटापट सुरू झाली की ती पट्टी खेळात येते, तोपर्यंत ती बाहेरची. म्हणजे स्पर्श न होता चढाईवाला लॉबीत गेला तर तो आउट, इथवर वाद नाही. वाद पुढे आहे. त्याला अडवायला बचाववाले त्याच्या मागे लॉबीत गेले तर त्यांचं काय? आंतरराष्ट्रीय नियमात ते सुद्धा आउट, कारण स्पर्श झालेलाच नाही तर त्यांनाही लॉबीत जायचा हक्क नाही. प्रो कबड्डीने हे बदललं, तिथे चढाईवाला बाहेर गेला की चढाई संपली, फक्त तोच आउट, मागचे वाचले. लीगने असं का केलं ते कळतं, एक जण मुद्दाम बाहेर पळून चार जणांना ओढून नेणार आणि पॉइंट घेणार हे बघायला बरं दिसत नाही. पण झालं काय, ज्यांनी कबड्डी टीव्हीवर बघूनच शिकली त्यांच्या डोक्यात लीगचाच नियम बसला, आणि एकच खेळ नियमांच्या दोन पुस्तकांवर चालू लागला.

फायनलला साधारण एक मिनिट उरलं होतं, 28-28, भारताची डू ऑर डाय चढाई, म्हणजे पॉइंट नाही आला तर चढाईवाला आउट. आपला कॅप्टन स्पर्श न करता लॉबीत गेला, त्याला ढकलायला इराणचे बचाववाले पण गेले. पंचांनी आधी एक निकाल दिला, मग बदलला, मग परत बदलला. आधी आपली पोरं मॅटवर बसली, मग इराणची बसली, दोन्हीकडचे कोच टेबलाशी जाऊन पुस्तक दाखवतायत, आणि सुमारे तासभर मॅच बंद. शेवटी आंतरराष्ट्रीय नियम धरून भारताला जास्त पॉइंट आणि इराणला एक मिळाला, उरलेला वेळ खेळला गेला आणि आपण जिंकलो.

इराणचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं हे पण मान्य करायला हवं, कारण त्यांचे कितीतरी खेळाडू लीगमध्ये त्या दुसऱ्याच नियमावर खेळतात. पण स्पर्धा एशियाडची होती, लीगची नव्हती, त्यामुळे आपल्याला दिलेले पॉइंट कोणी फुकट दिले असं म्हणणं साफ खोटं आहे. चुकलं ते हे की एवढ्या मोठ्या मॅचच्या पंचांना कोणता नियम लागू आहे हे तिथल्या तिथे छातीठोकपणे सांगता आलं नाही.

या गडबडीत त्याच दिवशीची बायकांची फायनल मागे पडली याचं वाईट वाटतं. चायनीज तैपेईशी गटात 34-34 बरोबरी झाली होती, फायनलला तोच संघ, आणि 26-25 ने जिंकल्या. हांगझोऊतलं भारताचं शंभरावं पदक ते हेच, पण चर्चा सगळी लॉबीची. पुरुषांच्या संघात नगर आणि नाशिककडची पोरं होती, बायकांच्या संघातही मराठी मुली होत्या, त्यांचं इथे पाहिजे तेवढं कौतुक झालं नाही.

पुढचं एशियाड 2026 ला जपानमध्ये, आयची-नागोयाला आहे आणि कबड्डी त्यात आहे. इराण तर येणारच, तैपेईच्या मुलीही हलक्यात घेण्यासारख्या राहिलेल्या नाहीत. शिबिर सुरू होईल त्या दिवशीच कोणत्या पुस्तकावर खेळायचं ते खेळाडूंना लेखी द्या, आणि लीगमधून आलेल्या प्रत्येकाला लॉबीचा नियम मैदानात उभं करून दाखवा.