गिअरवाली गाडी कधी एका सेल्फमध्ये चालू होते, कधी होतच नाही? गॅरेजला आणायच्या आधी हे वाचा

"सकाळी सेल्फच लागला नाही, दुपारी चावी मारली तर लगेच चालू झाली." ही तक्रार घेऊन आलेली गाडी आमच्याकडे हमखास पहिल्याच सेल्फला चालू होते. कायमची बंद पडलेली गाडी शोधायला सोपी असते, कारण दोष समोर असतो. अधूनमधून नखरे करणाऱ्या गाडीचा दोष मात्र तो होत असतानाच पकडावा लागतो, आणि तेव्हा गाडीत आम्ही नसतो, तुम्ही असता. चावी फिरवल्यावरच्या त्या तीन-चार सेकंदात काय झालं, काय ऐकू आलं, लाइट कसे होते, एवढं तुम्ही नीट सांगितलंत तर आमचं अर्धं काम तिथेच होतं आणि विनाकारण बॅटरी किंवा आख्खा सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) बदलायची वेळ येत नाही.

सगळ्यात आधी एक गोष्ट वेगळी करा. इंजिन फिरतच नाहीये, की सेल्फवर फिरतंय पण पकडत नाहीये, म्हणजे स्वतःहून चालू राहत नाहीये? दोन्हीला आपण "चालू होत नाही" असंच म्हणतो, पण कारणं पार वेगळी असतात.

इंजिन फिरतच नसेल तर कान द्या

टक-टक-टक असा भराभर आवाज आणि मीटरचे लाइट मंद होत असतील तर बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनल, म्हणजे बॅटरीवरचा वायरचा जोड, नीट पकडत नाहीये. एकच मोठा खट् झाला, लाइट जसेच्या तसे राहिले आणि पुढे काहीच नाही, तर संशय सेल्फवर जातो, कारण सॉलेनॉइडच्या (सेल्फवरचा, मोटरला करंट जोडणारा मोठा स्विच) आतले तांब्याचे कॉन्टॅक्ट झिजतात किंवा मोटरचे कार्बन, म्हणजे आत करंट पोचवणारे घासणारे ठोकळे, संपत येतात. अशा वेळी सेल्फवर हलकेच ठोकलं की गाडी चालू होते, पण तो इलाज नाही, कार्बन संपत आलेत याची खूण आहे, आणि दोन दिवसांनी ठोकूनही चालू होणार नाही. आणि काहीच आवाज नाही, लाइट झकास, हॉर्न जोरात, तरी चावी फिरवली की शांतता, तर बॅटरीच्या मागे लागू नका, सेल्फपर्यंत ऑर्डरच पोचत नाहीये. क्लच स्विच, सेल्फचा रिले (करंटवर चालणारा छोटा स्विच), फ्यूज, इग्निशन स्विच (चावीमागचा स्विच) किंवा इमोबिलायझर (चावी ओळखल्याशिवाय गाडी चालू न देणारी चोरीविरोधी यंत्रणा) यांपैकी कुठेतरी ती अडतेय.

यातला क्लच स्विच सगळ्यात जास्त विसरला जातो म्हणून त्यावर जरा सविस्तर सांगतो. क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही अशा गाड्यांमध्ये पॅडलच्या वर एक छोटा स्विच असतो. पॅडल खाली गेलं की ते त्याची दांडी दाबतं आणि मगच सेल्फला करंट जायची वाट मोकळी होते. बऱ्याच गाड्यांत ही दांडी थेट पत्र्यावर टेकत नाही, पॅडलच्या पट्टीला एक भोक असतं आणि त्यात बटणाएवढा रबराचा किंवा प्लास्टिकचा स्टॉपर बसवलेला असतो त्यावर टेकते. हा स्टॉपर जुना होऊन कडक होतो, चिरतो, तुकडे पडतात, मग दांडी त्या भोकात शिरते, स्विच दाबलाच जात नाही आणि तुम्ही कितीही चावी फिरवा, गाडी ढिम्म. अर्धवट तुटलेला असेल तर एखाद्या वेळी दांडी कडेला टेकते आणि सेल्फ लागतो, म्हणून कधी चालू कधी बंद. तेव्हा क्लचखालच्या मॅटवर प्लास्टिकचे बारीक तुकडे दिसले तर झाडून टाकू नका, आम्हाला दाखवा. आणि मॅटवरून आठवलं, जाड मॅट पुढे सरकून पॅडलखाली आली असेल तरी पॅडल शेवटपर्यंत जात नाही आणि अगदी हेच होतं. पुढच्या वेळी सेल्फ लागला नाही तर मॅट मागे ओढा, क्लच पूर्ण दाबून वर सोडा, परत दाबा, दोन-तीनदा करून चावी मारा. लागला, तर आम्हाला कुठून सुरुवात करायची ते कळलं.

काही जण हा स्विच कायमचा डायरेक्ट करून घेतात, म्हणजे क्लच न दाबताही सेल्फ लागेल अशी वायर जोडून घेतात. कृपा करून करू नका. गाडी गिअरमध्ये असताना चावी फिरवली तर ती सेल्फवरच पुढे उडी मारते, आणि समोर कोण उभं असेल ते सांगता येत नाही.

बॅटरीबद्दल थोडं

घरी मल्टिमीटर असेल तर रात्रभर उभ्या गाडीवर 12.6 व्होल्टच्या आसपास म्हणजे पूर्ण चार्ज, 12 च्या खाली म्हणजे जवळपास उतरलेली. सेल्फ मारताना 9.6 च्या खाली जाऊ नये. इंजिन चालू असताना साधारण 13.8 ते 14.5 दिसायला हवं, त्याच्या बरंच खाली असेल तर अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा जनरेटर) चार्ज करत नाहीये आणि नवी बॅटरीही तशीच उतरेल.

पण व्होल्ट बरोबर आले म्हणून सुटलात असं नाही. जंपर (दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून करंट देणारी, चिमट्यांची केबल) लावल्यावर गाडी चालू झाली की सगळे म्हणतात बॅटरी गेली, पण चिमटा लावताना टर्मिनल हललेलं असतं आणि खरा दोष त्या सैल किंवा खार चढलेल्या टर्मिनलचाच असू शकतो. म्हणून चिमटा लावायच्या आधी टर्मिनलचा मोबाइलवर फोटो काढा, पांढरी-हिरवी भुकटी आहे का, हाताने फिरतंय का बघा. इंजिन आणि बॉडीमधली अर्थिंगची पट्टी गंजली तरी लक्षणं हुबेहूब उतरलेल्या बॅटरीसारखी दिसतात, म्हणून आम्ही सेल्फ मारत असतानाच जाड केबल आणि अर्थिंग या दोन्ही बाजूंचा व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वाटेत किती व्होल्ट वाया जातात ते, मोजतो आणि सॉलेनॉइडच्या बारीक वायरला करंट येतोय का तेही टेस्ट लॅम्पने बघतो. करंट येतोय, जाड केबल आणि अर्थिंग ठीक आहे, तरी सेल्फ गप्प, तर सेल्फ खोलायचा. करंटच येत नाही तर सेल्फला हातही लावायचा नाही, मागे शोधायचं.

धक्का मारून चालू झाली तर

गिअरवाल्या गाडीचा हा मोठा फायदा. चावी ऑन, दुसरा गिअर, क्लच दाबून गाडी पळवायची आणि क्लच झटकन सोडायचा. चालू झाली तर पेट्रोल-डिझेल, इंजिन, इमोबिलायझर सगळं ठीक, गडबड सेल्फच्या किंवा बॅटरीच्या बाजूला आहे. मात्र इंजिन बंद असताना ब्रेक आणि स्टिअरिंग जड लागतात, त्यामुळे उतारावर किंवा रहदारीत हा प्रयोग नको, आणि पेट्रोल गाडीत सारखा सारखाही नको, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) खराब होतो. बॅटरी पार मेलेली असेल तर धक्क्यानेही होणार नाही, कारण पंप आणि कंप्युटरला करंट लागतोच.

फिरतंय पण पकडत नाही

मीटरवर चावीचं किंवा कुलुपाचं चिन्ह लुकलुकतंय का ते बघा, तसं असेल तर दुसरी चावी वापरून बघा, चावीतली चिप वाचली जात नसेल. पेट्रोल गाडीत चावी ऑन केल्यावर मागून दोन सेकंद पंपाची घरघर येते का ऐका. गाडी लांब पल्ल्याहून येऊन तापली की बंद पडते आणि अर्ध्या तासाने गुपचूप चालू होते, असं असेल तर क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे कंप्युटरला कळवणारा सेन्सर) तपासायला सांगा, तो बिघडत आला असेल तर गरम झाला की सिग्नल देणं बंद करतो. डिझेल गाडी फक्त सकाळी त्रास देत असेल तर ग्लो प्लग (थंड इंजिन आतून तापवणारे प्लग) किंवा डिझेलच्या लाइनमध्ये शिरलेली हवा.

गाडी आणताना दोन्ही चाव्या आणा. त्रास देते त्या क्षणाचा, मीटर दिसेल आणि आवाज येईल असा व्हिडिओ मिळाला तर उत्तम. सकाळी थंड असतानाच त्रास देत असेल तर आदल्या रात्री आमच्याकडे ठेवून जा, म्हणजे थंड इंजिनवर पहिला सेल्फ आम्हीच मारू.