ग्रुपमधली गप्प बसलेली मुलं

आठवीच्या वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप डोळ्यांसमोर आणा. रात्री साडेनऊला कुणीतरी वर्गातल्या एका मुलीच्या फोटोचं वेडंवाकडं स्टिकर करून टाकतं. त्याखाली लगेच तीन हसरे इमोजी येतात. बाकीची पस्तीसेक मुलं बघतात आणि फोन बाजूला ठेवतात. त्यातल्या बऱ्याच जणांना ते आवडलेलं नसतं, पण तिला हे कळणार कसं? तिच्यासमोर फक्त तीन इमोजी आणि त्याखालची शांतता असते. सगळा वर्गच आपल्याला हसतोय, असाच अर्थ ती लावते.

या शांततेमागचं मानसशास्त्र मोबाइलपेक्षा जुनं आहे. 1968 मध्ये जॉन डार्ली आणि बिब लताने या मानसशास्त्रज्ञांनी न्यू यॉर्कमध्ये एक प्रयोग केला. वेगवेगळ्या खोल्यांत बसलेले विद्यार्थी इंटरकॉमवर बोलत असताना त्यांना एकाला फिट आल्याचा आवाज ऐकवला. ऐकणारे आपण एकटेच आहोत असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यापैकी 85 टक्के फिट संपायच्या आत मदतीला उठले. आणखी चौघं ऐकताहेत असं वाटणाऱ्यांपैकी फक्त 31 टक्के उठले. ती माणसं निर्दय नव्हती. दुसरं कुणीतरी जाईल, असं प्रत्येकाला वाटलं. इंटरकॉमवर एकमेकांचे चेहरे दिसत नव्हते. ग्रुपवरही दिसत नाहीत.

चेहरा न दिसण्याचा परिणाम स्टिकर टाकणाऱ्यावरही होतो. इस्रायलमधल्या हैफा विद्यापीठातल्या संशोधकांनी 2012 मध्ये दाखवलं, की ऑनलाइन भांडणात जीभ सैल सुटण्यामागे नाव लपलेलं असण्यापेक्षा नजरेला नजर न भिडणं हे मोठं कारण असतं. शाळेच्या व्हरांड्यात समोरचीचे डोळे भरून आले, की चिडवणारा बहुतेक वेळा चपापतो. पडद्यावर त्याला ते डोळे दिसतच नाहीत.

मग सुरुवात कुठून करायची? मला फिनलंडचं उत्तर पटतं. तिथल्या मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी 1996 मध्ये मांडलं, की छळ हा दोघांपुरता मामला नसतो. कुणी साथ देतं, कुणी हसून चढवतं, कुणी बाजूला राहतं, कुणी पाठीशी उभं राहतं. याच विचारातून तुर्कू विद्यापीठात ‘किवा’ हा शालेय कार्यक्रम तयार झाला. 2009 पासून तो देशभरातल्या शाळांत गेला. त्यात बघ्या मुलांवर भर असतो आणि छळ झालेल्या मुलाला आधार द्यायला शिक्षक काही वर्गमित्रांना वेगळं बोलावून सांगतात. या कार्यक्रमामुळे प्रत्यक्ष छळाबरोबर ऑनलाइन छळही कमी झाल्याचं अभ्यासात आढळलं.

पाठीशी उभं राहायला ग्रुपवर सगळ्यांसमोर भांडावंच लागतं असं नाही, आणि भित्र्या मुलावर ते ओझं टाकूही नये. “मला ते अजिबात आवडलं नाही. उद्या माझ्या शेजारी बस,” एवढा मेसेज तिला वेगळा गेला, तरी सगळा वर्ग आपल्या विरोधात आहे ही तिची समजूत मोडते.

आईबाबांसाठीही एक कळकळीची विनंती आहे. फोन काढून घेतील या भीतीने मुलं घरी सांगत नाहीत. तेव्हा एखाद्या शांत संध्याकाळी, काही घडलेलं नसतानाच सांगून ठेवा: “असं काही झालं तर मला दाखव, फोन तुझ्याकडेच राहील.” आणि तो शब्द पाळा.