भरती कोंडून ठेवणारं तळं

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, सफोकमधल्या वुडब्रिज गावात, डेबेन नदीच्या खाडीकाठी पांढऱ्या फळ्यांची एक उंच गिरणी उभी आहे. इथे भरतीच्या पाण्यावर दळण होत असल्याची पहिली नोंद 1170 सालची. आजची इमारत 1793ची. येणारे जाणारे इमारतीचे फोटो काढतात. मला मात्र तिच्या मागचं तळं जास्त मोलाचं वाटतं, कारण गिरणीचं सगळं बळ तिथेच साठतं.

भरती चढू लागली की खाडीचं पाणी तळ्याचं दार आत ढकलतं आणि तळं भरतं. ओहोटी लागली की तळ्यातलं पाणी बाहेर धावतं आणि त्याच रेट्याने दार मिटतं. कुणी हातही लावत नाही! गोव्याच्या खाजणांतली (बांध घातलेल्या खाडीकाठच्या शेतांतली) मानस, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, याच्या नेमकी उलट चालते: भरतीला मिटते, ओहोटीला उघडते, आणि भातशेती खाऱ्या पाण्यापासून वाचते.

दार मिटलं तरी लगेच दळता येत नाही. बुडालेलं चाक फिरत नाही, म्हणून बाहेरचं पाणी पुरेसं उतरेपर्यंत थांबायचं. मग झडप उचलली की तळ्याचं पाणी चाकाच्या फळ्यांवर आदळतं, दातेरी चाकं वेग वाढवतात आणि वर जात्याचा दगड गरगरू लागतो. भरती रोज सुमारे 50 मिनिटं उशिरा येते. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याच्या कोकणातल्या रीतीमागेही हाच हिशोब आहे. त्यामुळे गिरणीवाल्याची पाळी कधी दुपारी, तर कधी मध्यरात्री. उधाणाच्या मोठ्या भरतीला तळं काठोकाठ, भांगाच्या लहान भरतीला उणं.

ही विद्या फार जुनी. उत्तर आयर्लंडमध्ये नेन्ड्रमच्या मठापाशी अशा गिरणीची ओक लाकडं सापडली. त्यांच्यातली वाढीची वर्तुळं मोजल्यावर काळ निघाला इ.स. 619 ते 621. फ्रान्समध्ये रांस नदीच्या मुखाशी 1966 साली सुरू झालेलं 240 मेगावॉटचं वीजकेंद्रही भरतीचं पाणी असंच अडवतं.

वुडब्रिजच्या चाकाचा ओकचा आस 1957 साली मोडला आणि गिरणी थांबली. पुढे तिच्या सात एकरांच्या तळ्यात नौकांचा धक्का झाला. ही हानी मला आसाच्या मोडण्याहून मोठी वाटते. आस नवा घालता येतो. गावकऱ्यांनी गिरणी वाचवली, 2011 साली नवं चाक बसवलं, आणि आता तिथे पुन्हा पीठ पडतं. शेजारी खणलेलं तळं जेमतेम अर्ध्या एकराचं आहे. त्यातलं पाणी संपलं की दगड थांबतो.