रॉय फ्रान्सिस : खेळाडूच्या घरापर्यंत पोहोचलेला प्रशिक्षक

वेल्समधल्या ब्रिनमॉर गावात ऑक्टोबर २०२३ मध्ये रग्बी लीगचे खेळाडू आणि प्रशिक्षक रॉय फ्रान्सिस यांचा पुतळा उभारला गेला. त्यांना जाऊन तेव्हा चौतीस वर्षं झाली होती. ब्रिटनच्या व्यावसायिक खेळातले पहिले कृष्णवर्णीय प्रशिक्षक ही त्यांची नेहमीची ओळख. ती खरीच आहे, पण त्यांनी प्रशिक्षकाचं काम किती बदललं, हे तेवढ्यावरून कळत नाही.

वेल्सचे फ्रान्सिस रग्बी खेळायला उत्तर इंग्लंडमध्ये का गेले, हे समजायला १८९५ पर्यंत मागे जावं लागतं. उत्तरेकडचे रग्बीपटू खाणीत आणि गिरण्यांत राबणारे. सामन्यासाठी खाडा झाला की मजुरी बुडायची. ती भरून द्यावी, ही उत्तरेच्या क्लबांची मागणी रग्बी युनियन या खेळ चालवणाऱ्या संघटनेच्या धुरिणांनी फेटाळली. ऑगस्ट १८९५ मध्ये हडर्सफील्डच्या एका हॉटेलात हे क्लब वेगळे झाले. पुढे त्यांनी खेळाडू पंधराचे तेरा केले, नियम बदलले आणि रग्बी लीग हा स्वतंत्र खेळ घडला. युनियनमध्ये पैसे घेणं निषिद्ध होतं, त्यामुळे हलाखीतल्या वेल्श पोरांना उत्तरेची वाट खुणावू लागली. कृष्णवर्णीयांना तर दुसरं कारणही होतं : वेल्सच्या युनियन संघात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू दिसायला १९८० चं दशक उजाडावं लागलं.

फ्रान्सिस यांचा जन्म १९१९ चा, कार्डिफचा. दत्तक गेल्यावर ते ब्रिनमॉरमध्ये वाढले. १९३६ मध्ये, सतराव्या वर्षी, विगन क्लबने त्यांना घेतलं. विंगेवरून, म्हणजे मैदानाच्या कडेने, धावणारा हा वेगवान मुलगा तिथे फार टिकला नाही. हॅरी संडरलंड हे ऑस्ट्रेलियन व्यवस्थापक आले आणि १९३९ मध्ये फ्रान्सिस यांची बॅरो क्लबला रवानगी झाली. मग महायुद्ध सुरू झालं. सैन्यात ते शारीरिक शिक्षणाचे प्रशिक्षक होते. माणसाचं शरीर कसं तयार होतं याचा तिथला अभ्यास त्यांना जन्मभर पुरला, असं मला वाटतं.

ब्रिटिश संघाच्या १९४६ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यातून त्यांना वगळलं. फॉर्म उत्तम होता. आड आला तो ऑस्ट्रेलियातला वर्णभेद, असंच इतिहासकार सांगतात. पुढच्या वर्षी न्यूझीलंडविरुद्ध ब्रॅडफर्डच्या ओडसल मैदानावर ते ग्रेट ब्रिटनकडून खेळले. या संघातले ते पहिले कृष्णवर्णीय खेळाडू. त्यांनी दोन ट्राय केले, म्हणजे दोनदा चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या गोलरेषेपलीकडे टेकवून गुण मिळवले, आणि पुन्हा कधी त्यांची निवड झाली नाही. कसोटीत दोन ट्राय करणाऱ्याला दुसरी संधी मिळू नये, हे आजही मनाला लागतं.

वॉरिंग्टनमार्गे १९४९ मध्ये ते हल क्लबात आले आणि खेळता खेळता तिथेच प्रशिक्षक झाले. त्या काळी प्रशिक्षण म्हणजे मैदानाला फेऱ्या मारायच्या आणि शनिवारी सामना खेळायचा. फ्रान्सिस यांनी सामन्यांचं चित्रीकरण करवून ते खेळाडूंना दाखवायला सुरुवात केली. पुढच्या फळीतल्या धिप्पाड फॉरवर्डांनाही धावपटूसारखं पळायला शिकवलं. प्रत्येकाशी वेगळं बोलायचं, त्याच्या मनात काय चाललंय ते जाणून घ्यायचं, ही त्यांची रीत. बायकामुलांना सामन्याला आणण्यासाठी गाडीची आणि लहानग्यांना सांभाळायचीही सोय ते करत. घरी चैन नसेल तर खेळाडूचं मैदानावर लक्ष लागत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं.

फळ दिसायला वेळ लागला नाही. १९५६ च्या लीग अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात कॉलिन हटनच्या शेवटच्या क्षणांतल्या पेनल्टी किकने हलने हॅलिफॅक्सला १०–९ असं हरवलं आणि विजेतेपद मिळवलं. १९५८ मध्ये ते पुन्हा जिंकले. १९५९ आणि १९६० मध्ये चॅलेंज कप या बाद पद्धतीच्या स्पर्धेचे अंतिम सामने मात्र हातचे गेले. त्यांच्याच काळात, १९६१ मध्ये, कार्डिफचा क्लाइव्ह सुलिव्हन हलमध्ये आला. चाचणीच्या सामन्यात त्याने तीन ट्राय केले. १९७२ मध्ये तो ग्रेट ब्रिटनचा कर्णधार झाला आणि त्याने विश्वचषक जिंकून दिला.

१९६३ पासून फ्रान्सिस लीड्सचे प्रशिक्षक होते. १९६६ मध्ये चार टॅकलचा, म्हणजे चार पकडींनंतर चेंडू सोडण्याचा, नियम आला. तोवर चेंडू कितीही वेळ आपल्याकडेच ठेवता येत असे. आता चार पकडींत काहीतरी घडवणं भाग पडलं. वेगावर आणि मोकळ्या पासवर उभा असलेला त्यांचा खेळ या नियमात अधिकच खुलला. ११ मे १९६८ रोजी चॅलेंज कपच्या अंतिम सामन्यात लंडनचं वेम्बली मैदान पावसाच्या पाण्याने तुडुंब भरलं होतं. वेकफील्डने अखेरच्या मिनिटाला ट्राय केला आणि गुणफलक लीड्सच्या बाजूने ११–१० झाला. ट्रायनंतरची, दोन गुणांची, गोलखांबांसमोरची सोपी किक वेकफील्डचा डॉन फॉक्स चुकला आणि चॅलेंज कप लीड्सला मिळाला. नशिबाची साथ होतीच, पण तिथवर संघ आणला होता फ्रान्सिस यांनी.

त्यानंतर ते नॉर्थ सिडनीला गेले, तेवीस वर्षांपूर्वी ज्या देशात त्यांना नेलं नव्हतं तिथेच. १९६९ आणि १९७० असे दोन हंगाम त्यांनी काढले. वर्णद्वेष तिथेही वाट्याला आला. परतल्यावर पुन्हा हल, मग पुन्हा लीड्स. मे १९७५ मध्ये सेंट हेलेन्सला २६–११ असं हरवून लीड्सने प्रीमियरशिप ही हंगामाअखेरची स्पर्धा जिंकली. त्यांचा शेवटचा क्लब ब्रॅडफर्ड नॉर्दर्न. त्याचं घरचं मैदान ओडसल, जिथे ते ब्रिटनकडून तो एकच सामना खेळले होते.