टोकन देण्याआधी गाडी आम्हाला दाखवा
स्पोर्ट्स कार घ्यायच्या विचारात असलेल्या आमच्या ग्राहकांसाठी

"कमाई आता बरी आहे, एखादी स्पोर्ट्स कार घ्यावी का? परवडेल का?" नाशिकमधल्या आमच्या अंबडच्या गॅरेजमध्ये हा प्रश्न गेली दोन-तीन वर्षं सतत येतोय. निफाड-दिंडोरीचे बागायतदार विचारतात, सातपूरचे कारखानदार विचारतात, गंगापूर रोडचे डॉक्टर विचारतात. पुण्यात आयटीत असलेली आणि शनिवार-रविवार घरी येणारी मुलंही विचारतात. प्रश्न अगदी योग्य आहे. अडचण एवढीच, की बहुतेक जण तो टोकन देऊन झाल्यावर विचारतात. तेव्हा आमच्या हातात फार काही उरत नाही आणि तुमच्या हातात तर त्याहून कमी. म्हणून हे पत्रक.

आधी एक स्पष्ट सांगतो. या गाड्यांवर आमचं प्रेम आहे, त्यांच्याच जिवावर आमचं गॅरेज चालतं. 1963 साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांसमोर आलेली पोर्शे 911 आजही आपलं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे ठेवते आणि साठ वर्षं तोच हट्ट धरून सुधारत आली आहे, याचं आम्हाला मनापासून कौतुक वाटतं. त्यामुळे "घेऊच नका" असं आम्ही कुणाला म्हणत नाही. कधी, कोणती आणि कशी घ्यायची, एवढंच सांगतो.

परवडते म्हणजे काय

हप्ता झेपला म्हणजे गाडी परवडली, असं नसतं. 60 लाखांचं कर्ज 9 टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर महिन्याचा हप्ता साधारण 1 लाख 24 हजार 500 बसतो. बँकेचा माणूस म्हणतो, सात वर्षं करू, हप्ता 96 हजार 500 वर येईल. ऐकायला बरं वाटतं. पण पाच वर्षांत तुम्ही एकूण पावणेपंच्याहत्तर लाख फेडता आणि सात वर्षांत 81 लाखांच्या वर. सहा लाखांहून जास्त रक्कम नुसती मुदत वाढवण्यात जाते. आणि गाडीची किंमत तोवर कुठे येते? विमा कंपन्यांच्या नेहमीच्या तक्त्याप्रमाणे गाडीला चार वर्षं उलटली की तिची विम्याची किंमत निम्म्यावर येते. सात वर्षांच्या कर्जात शेवटचे हप्ते तुम्ही अर्ध्याहूनही कमी किमतीच्या गाडीसाठी भरत असता.

नवी घेणार असाल तर रोड टॅक्सही हिशोबात धरा. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरच्या 20 लाखांवरील पेट्रोल गाडीला 13 टक्के टॅक्स आहे. 1 जुलै 2025 पासून त्याची कमाल मर्यादा 20 लाखांवरून 30 लाखांवर गेली. 10 लाखांवरच्या गाडीवर विक्रेता 1 टक्का टीसीएस, म्हणजे आगाऊ कापलेला आयकर, घेतो, तो मात्र रिटर्न भरताना वळता होतो, त्याची काळजी नको.

आमचा साधा नियम असा. गेल्या तीन वर्षांतलं सगळ्यात वाईट वर्ष घ्या. सगळ्यात चांगलं नव्हे, वाईट. बागायतदारांना हे समजावून सांगावं लागत नाही. ज्या वर्षी अवकाळी झाली किंवा गारपिटीनं घड फोडले, त्या वर्षाची कमाई धरायची. त्यातून घरखर्च, मुलांची फी, पिकाचं कर्ज वजा करायचं. उरलेल्या पैशात हप्ता, विमा, एक सर्व्हिस आणि टायरसाठी थोडी शिल्लक बसते का ते पाहायचं. बसत असेल तर बिनधास्त घ्या, आणि घेतली की चालवा, झाकून ठेवू नका. बसत नसेल तर आणखी दोन हंगाम थांबा. एका चांगल्या हंगामाच्या भरवशावर सात वर्षांचा हप्ता बांधून घेऊ नका. नोकरीवाल्यांनी बोनस आणि शेअरचे पैसे सोडून फक्त पगार धरावा.

"कंपनीच्या नावावर घेतली की टॅक्स वाचतो"

हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकलंय की वेगळं लिहावं लागतंय. कंपनीच्या नावावर गाडी घेतली तर महाराष्ट्रात रोड टॅक्स 20 टक्के लागतो. एक कोटीच्या पेट्रोल गाडीवर व्यक्तीच्या नावानं 13 लाख, तर कंपनीच्या नावानं 20 लाख. गाडी वापरासाठी घेतली असेल तर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे वजावट, साधारणपणे मिळत नाही. घसारा, म्हणजे गाडीची झीज आयकरात खर्च म्हणून दाखवायची मुभा, 15 टक्क्यांनी मिळतो, तोही दर वर्षी उरलेल्या किमतीवर. काहींना हा हिशोब तरीही जमतो. पण तो तुमच्या सीएसोबत बसून, कागदावर मांडून ठरवा. शोरूमच्या सोफ्यावर ठरवू नका.

सगळ्यात महाग पडणारी चूक

आता मुख्य मुद्दा. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक स्पोर्ट्स कार जुन्या घेतलेल्या असतात. एक कोटी दहा लाखांची गाडी सात-आठ वर्षांनी 36 लाखांत मिळते आणि माणसाला वाटतं, अरे, हे तर आपल्या बजेटमध्ये आहे. इथेच फसगत होते. गाडीची किंमत उतरते, पार्टची उतरत नाही. ब्रेक डिस्क, सस्पेन्शन, गिअरबॉक्सचा क्लच पॅक, हेडलाइट, सगळं आजही एक कोटी दहा लाखांच्या गाडीच्या भावानंच मिळतं. मजुरीही तशीच, कारण 911 च्या बऱ्याच मॉडेलमध्ये साधे स्पार्क प्लग बदलायलासुद्धा मागचा भाग उघडावा लागतो. 36 लाखांत तुम्ही फक्त गाडी विकत घेता. तिचा खर्च पूर्वीच्या मालकासारखाच करावा लागतो, आणि ते वर्षही बहुधा असं असतं की पूर्वीच्या मालकानं खर्च टाळण्यासाठीच गाडी विकायला काढलेली असते.

मागच्या उन्हाळ्यात निफाडकडचे एक दादा आले. द्राक्षाचा हंगाम चांगला गेला होता. भाच्यानं मोबाईलवर व्हिडिओ दाखवला होता, लाल रंगाची दोन दारांची गाडी, दिल्लीकडची. 2 लाख टोकन दिलं होतं. "फक्त एकदा नजर मारून या," म्हणाले. आमच्या गॅरेजचा मुलगा तिकडे गेला. चार टायरवर तीन वेगवेगळ्या वर्षांचे शिक्के, पुढचे दोन तर 2016 चे. (टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा.) खाली वाकून पाहिलं तर इंजिनखालचं प्लास्टिकचं आवरण अर्धं गायब आणि उरलेलं केबल टायनं बांधलेलं. उजव्या दारावर पेंट गेज, म्हणजे रंगाची जाडी मोजायचं यंत्र, लावला, कंपनीच्या रंगाच्या दुप्पट जाडी, म्हणजे दार पुन्हा रंगवलेलं. मग गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या नोंदी वाचणारा स्कॅनर जोडला. मीटरवर 41 हजार किलोमीटर होते, गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरमध्ये 78 हजार.

दादांना आम्ही फोनवर सांगितलं, गाडी घेऊ नका, घेतलीत तर पहिल्या वर्षात आठ-नऊ लाख तरी लागतील. दादा थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "टोकन गेलं का?" टोकन गेलं. विकणाऱ्यानं परत दिलं नाही. पण 34 लाख वाचले. तपासणी टोकनच्या आधी झाली असती तर ते 2 लाखही वाचले असते. आम्हाला वाईट वाटतं ते याचंच.

फोटो पाहून आम्ही मत का देत नाही

व्हॉट्सॲपवर फोटो आणि व्हिडिओ पाठवून "गाडी कशी वाटते?" असं विचारणाऱ्यांना आम्ही नाही म्हणतो. काही जण रागावतात. कारण समजून घ्या.

गाडीचं खरं आरोग्य कळतं ते थंड इंजिन सुरू होतं त्या पहिल्या मिनिटात. टायमिंग चेन सैल झाली असेल तर पहिले दोन-तीन सेकंद खडखडते, मग ऑइलचा दाब आला की गप्प होते. निळसर धूर दिसला तर ऑइल जळतंय. आडव्या सिलिंडरच्या इंजिनांमध्ये मात्र, म्हणजे 911 मध्येही, गाडी बराच वेळ उभी असेल तर सुरू करताना धुराचा एक छोटा झोत येऊ शकतो आणि त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. हा धूर चांगला की वाईट, हे समोर उभं राहून, वास घेऊन आणि तो किती वेळ टिकतो ते पाहूनच कळतं. विकणाऱ्याला हे माहीत असतं. म्हणून तुम्ही पोचायच्या आधी तो गाडी गरम करून ठेवतो आणि म्हणतो, "आत्ताच धुऊन आणली."

तपासणीला आमचा अर्धा दिवस जातो. गाडी लिफ्टवर चढते, स्कॅनर सगळ्या कॉम्प्युटरना जोडला जातो, सव्वा तास रस्त्यावर चालवली जाते. त्यामुळे आम्ही नाशकात 8,500 रुपये घेतो, मुंबई-पुण्यात जाण्या-येण्याचा खर्च वेगळा. महाग वाटत असेल तर वरची गोष्ट आठवा. गाडी तुम्ही घेतलीत आणि पहिली सर्व्हिस आमच्याकडे केलीत तर ही रक्कम त्या बिलातून वजा करतो. नाही घेतलीत तरी लेखी अहवाल तुमचाच. तो दाखवून भाव कमी करून घेतलेले ग्राहकही आमच्याकडे आहेत.

बाहेरच्या राज्यातली गाडी असेल तर कागद आम्हाला आधी पाठवा. एनओसी, म्हणजे तिथल्या आरटीओचा ना हरकत दाखला, फॉर्म 28 वर मिळते, मालकी बदलायला फॉर्म 29 आणि 30 लागतात, कर्ज फिटलं असेल तर फॉर्म 35. इथे 12 महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर नाशिकचा एमएच 15 चा नंबर घ्यावा लागतो आणि टॅक्स इथे भरावा लागतो. दिल्लीच्या 36 लाखांत हा खर्च धरलेला नसतो. विमाही 14 दिवसांत नावावर करायला अर्ज द्या. पूर्वीच्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, तुम्हाला मिळत नाही, तो माणसाचा असतो, गाडीचा नाही.

घेतल्यावर उभी करून ठेवू नका

हे थोडक्यात. फेब्रुवारी ते एप्रिल शेतावर कामाची गर्दी असते आणि गाडी शेडमध्ये कव्हरखाली जाते. मे महिन्यात फोन येतो, "सुरूच होत नाहीये." बॅटरी उतरलेली असते, टायर एका जागी चपटे झालेले असतात. एका गाडीच्या एअर फिल्टरच्या डब्यात आम्हाला शेंगदाण्याची ओंजळभर टरफलं मिळाली. उंदरांनी तिथे संसार मांडला होता आणि जाता जाता वायरिंग कुरतडलं होतं. ते हार्नेस, म्हणजे वायरिंगचा जुडगा, बदलायला आलेला खर्च एका साध्या मोटरसायकलीच्या किमतीएवढा होता. बॅटरी मेंटेनर हे बॅटरी चार्ज ठेवणारं छोटं यंत्र आमच्याकडे मिळतं, शेडमध्ये प्लग असला की काम झालं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, त्यामुळे गाडी चालो न चालो, दोन वर्षांनी बदलाच.

स्पीड ब्रेकरचंही सांगतो. नियमाप्रमाणे गतिरोधकाची उंची 10 सेंटीमीटर हवी. आपल्या कॉलन्यांमधले त्याहून बरेच उंच असतात आणि स्पोर्ट्स कारची जमिनीपासूनची उंची साडेचार-पाच इंचांची. घरापासून मुख्य रस्त्यापर्यंतचे गतिरोधक एकदा पायी चालत जाऊन पाहून या, गाडी घेण्याआधी. कुंभाच्या कामांमुळे सध्या रस्ते जागोजागी खोदलेले आहेत, तेही ध्यानात ठेवा. समृद्धी महामार्गावर निघणार असाल तर टायरमधली हवा थंड असताना तपासा. तिथे कारला ताशी 120 किलोमीटरची मर्यादा आहे, ती स्पोर्ट्स कारलाही आहे, आणि जुन्या टायरवर तर तेवढाही वेग जास्त आहे.

आमच्या एका डॉक्टर ताईंनी तीन वर्षं थांबून, तीन गाड्या आमच्याकडून तपासून घेऊन चौथी घेतली. रविवारी पहाटे त्या इगतपुरीपर्यंत जाऊन येतात आणि वर्षातून दोनदा गाडी आमच्याकडे येते. आजवर मोठं काम एकही निघालेलं नाही. असा ग्राहक आला की आमचा दिवस चांगला जातो.

तपासणी ठरवायची असेल तर दोन दिवस आधी कळवा. विकणाऱ्याला एवढंच सांगा की आमचा माणूस सकाळी सातला येईल, तोवर गाडी सुरू करू नये. आल्यावर आमचा माणूस सगळ्यात आधी बॉनेटवर हात ठेवून पाहील, आणि इंजिन मागे असेल तर मागच्या झाकणावर. ते गरम लागलं तर त्या दिवशी तपासणी होणार नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा येऊ, त्याचे वेगळे पैसे घेणार नाही.