आर्केड कॅबिनेट व्हीलचेअरसाठी करायचंय? आधी कंट्रोल पॅनेलची जाडी मोजा

आर्केड गेमचं कॅबिनेट, म्हणजे नाणं टाकून खेळायची ती उभी पेटी, व्हीलचेअरवरून खेळता यावं म्हणून काय करायचं असं विचारलं की बहुतेक जण लगेच सांगतात, उंची कमी करा. खालचा भाग कापा, बुटकं करा, झालं. पण असं कापलेलं कॅबिनेट समोर आलं की कळतं, बटणं खाली आली खरी पण गुडघे आत जातच नाहीत, फूटरेस्ट लाकडाला धडकतात आणि खुर्ची तिथेच थांबते. म्हणजे आधी हात वर ताणायला लागायचा, आता कंबरेतून पुढे वाकून खेळायला लागतं, दोन्हीत दहा मिनिटांत माणूस दमतो. माझं स्पष्ट मत आहे की खरं भांडण कंट्रोल पॅनेलच्या, म्हणजे जॉयस्टिक आणि बटणं बसवलेल्या फळीच्या जाडीवरून आहे आणि तिकडे जवळजवळ कुणीच बघत नाही.

मुळात ही कॅबिनेटं अशी का झाली? १९७१ ला कॉम्प्युटर स्पेस आलं, १९७२ ला अटारीचं पाँग आलं, आणि ही यंत्रं लागायची बारमध्ये, पिनबॉलच्या शेजारी, जिथे माणूस उभ्याउभ्या नाणं टाकून खेळतो आणि पुढे जातो. त्यामुळे पॅनेल उभ्या माणसाच्या कोपराच्या हिशोबाने, जमिनीपासून साधारण ९० ते १०० सेंटिमीटरवर. वर काचेची जाडजूड पिक्चर ट्यूब, ती मागे खोल जाते म्हणून पेटीही खोल, आणि पॅनेलच्या खाली जिथे बसलेल्या माणसाचे गुडघे यायला हवेत बरोबर तिथे नाण्यांचं दार आणि गल्ला. टेबलासारखी कॅबिनेटंही आली, स्पेस इन्व्हेडर्स (१९७८) आणि पॅक-मॅन (१९८०) दोन्ही त्या रूपात मिळायचे, लोक खुर्चीत बसून काचेत खाली बघत खेळायचे. उंची छान, पण पिक्चर ट्यूब टेबलाच्या पोटात लटकलेली, त्यामुळे पाय थोडेसेच आत जायचे. साध्या खुर्चीतला माणूस पाय तिरके करून भागवतो, व्हीलचेअरमध्ये पाय फूटरेस्टवर पुढे असतात, त्यांना तिरकं होता येत नाही.

आता आकडे बघू, कारण त्यात मजा आहे. अमेरिकेत अपंगत्वासंबंधीचा एडीए कायदा १९९० ला झाला आणि त्याचे २०१० चे डिझाइनचे मापदंड आहेत. त्यात व्हीलचेअर उभी राहायला ७६ बाय १२२ सेंटिमीटरची मोकळी जमीन लागते, गुडघ्यांसाठी खालून किमान ६८.५ सेंटिमीटर मोकळी उंची, पावलांसाठी २३ सेंटिमीटर उंच आणि किमान ४३ सेंटिमीटर आत जाणारी जागा. समोर मध्ये काही आड येत नसेल तर हात जास्तीत जास्त १२२ सेंटिमीटर उंचीपर्यंत आणि खाली ३८ पर्यंत पोचतो असं धरतात.

आता यातला ६८.५ हा आकडा घ्या आणि त्यावर पॅनेल रचत जा. आधी खालून झाकणारा पातळ पत्रा, अर्धा सेंटिमीटर धरा. मग तारा वळायला जागा, दीडेक सेंटिमीटर. मग जॉयस्टिकचं पोट, म्हणजे पॅनेलच्या खाली तिचा जो दांडा, स्प्रिंग आणि स्विच असतात ते सगळं, त्याला पाच-सहा सेंटिमीटर सहज जातात. त्यावर १८ मिलिमीटरचं प्लायवूड. बेरीज केली तर ७८ च्या आसपास जाते. आणि व्हीलचेअरमध्ये बसलेल्या बऱ्याच मोठ्या माणसांचं कोपर असतं जमिनीपासून साधारण ७० ते ७५ सेंटिमीटरवर! म्हणजे गुडघे नीट आत घेतले की हात कोपराच्या वर उचलून धरायला लागतो, आणि हात खाली हवा असेल तर गुडघे बाहेर. मधे उरतात फक्त काही सेंटिमीटर, आणि ते वाचवायचे तर पॅनेलमधूनच वाचवायला लागतात, दुसरीकडून ते मिळतच नाहीत.

वाचवता येतात बरं का. प्लायवूडच्या जागी दोन मिलिमीटरचा स्टीलचा पत्रा घातला की दीड सेंटिमीटर तिथेच मिळालं. जुन्या अमेरिकन पद्धतीच्या बटणाला खाली वेगळा मायक्रोस्विच (दाबलं की टिक करणारा छोटा स्विच) लटकतो त्यामुळे ते खोल असतं, जपानी पद्धतीचं ३० मिलिमीटरचं बटण स्विचसकट तीन-चार सेंटिमीटरमध्ये बसतं. कमी उंचीच्या जॉयस्टिकही मिळतात. ट्रॅकबॉलची, म्हणजे पॅनेलमध्ये बसवलेल्या, हाताने फिरवायच्या गोळ्याची मात्र खरी अडचण होते आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण मिसाइल कमांड किंवा सेंटिपीडसारख्या गेममध्ये बोटांची पकड कमी असलेला माणूस नुसत्या तळहाताने ट्रॅकबॉल फिरवून मस्त खेळू शकतो, पण गोळा म्हटला की त्याच्या खाली पोट आलंच. तो पॅनेलच्या मधोमध, दोन मांड्यांच्या मधल्या फटीवर बसवला तर बऱ्याचदा जमून जातं.

तो खालचा झाकायचा पत्रा कुणी काटकसर म्हणून काढू नका. मणक्याला इजा झालेल्या कित्येकांना पायांत संवेदना नसते, स्क्रूचं टोक गुडघ्याला कापत राहिलं किंवा पॉवर सप्लायची गरम पेटी मांडीला लागून राहिली तरी कळत नाही, नंतर जखम दिसते तेव्हा कळतं. वॉशबेसिनखालचे पाईप झाकायचे किंवा त्यांना इन्सुलेशन करायचं हा नियम त्याच मापदंडांत आहे तो याचसाठी.

खांद्याचा मुद्दाही आहे. हात कोपराच्या वर धरून ठेवला की खांद्याचे स्नायू सतत ताणलेले राहतात, हलत नाहीत म्हणून त्यांच्यातलं रक्त नीट खेळत नाही आणि ते लवकर थकतात. जो माणूस रोज चाकं हाताने ढकलतो त्याचे खांदे आधीच दिवसभर राबलेले असतात, खांदेदुखी ही या लोकांची फार नेहमीची तक्रार आहे. मापदंडात असंही आहे की कुठलीही कळ एका हाताने चालली पाहिजे, घट्ट पकड, चिमटीत धरणं किंवा मनगट पिळणं लागू नये, आणि जोर २२.२ न्यूटनच्या वर नको, म्हणजे सव्वादोन किलो वजनाएवढा. आर्केडची बटणं याच्या कितीतरी खाली असतात त्यामुळे कागदावर पास होतात, पण हा आकडा दाराचं हँडल किंवा लिफ्टचं बटण एकदा दाबायचा आहे, गेममध्ये तेच बटण शेकडो वेळा दाबायचं असतं. म्हणून मी तर म्हणेन हलक्यातला हलका स्विच लावा.

पुढे वाकण्यात एक गंमतीचं भौतिकशास्त्र आहे. व्हीलचेअरची पुढची छोटी चाकं मोकळी फिरतात आणि त्यांचा जमिनीला टेकणारा बिंदू, ती ज्या उभ्या खिळीभोवती वळतात तिच्या बरोबर खाली नसून थोडा बाजूला असतो. खुर्ची पुढे चालवली की चाकं मागे ओढली जातात, मागे घेतली की पुढे वळतात. आता कॅबिनेटसमोर माणूस येतो तो पुढे चालवतच, म्हणजे चाकं मागे वळलेली, म्हणजे आधाराचा पाया काही सेंटिमीटर आखूड झालेला, आणि नेमकं तेव्हाच त्याला पुढे झुकून नाणं टाकायचंय. गुरुत्वमध्य पायाच्या बाहेर गेला की खुर्ची पुढे कलंडते. म्हणून लांब हात घालायच्या आधी खुर्ची जराशी मागे घ्यायची म्हणजे चाकं पुढे येतात, असं शिकवलंही जातं. पण त्यापेक्षा नाण्याची खाच किंवा कार्डाचा रीडर आणि स्टार्टचं बटण पॅनेलच्या जवळच्या कडेला आणा ना, झुकायलाच नको. गल्लाही बाजूला सरकवता येतो, त्याला गुडघ्यांच्या जागेत बसायचं काहीच कारण नाही.

आता स्क्रीन, आणि इथे मला जरा रमायचंय. उभ्या कॅबिनेटची स्क्रीन मागे झुकलेली असते, समजा २० अंश. स्क्रीनचा मध्य १२५ सेंटिमीटरवर आणि डोळा समोर ७० सेंटिमीटर लांब धरू. उभ्या माणसाचा डोळा १६० वर, म्हणजे तो स्क्रीनच्या मध्यापासून साधारण २७ अंश वर आहे, स्क्रीन स्वतः २० अंश वर बघतेय, फरक फक्त ७ अंश, चित्र जवळजवळ सरळ समोर. बसलेल्या माणसाचा डोळा ११५ वर, म्हणजे ८ अंश खाली, आणि स्क्रीन २० अंश वर बघतेय, फरक झाला २८ अंश. पिक्चर ट्यूबला याचं फार काही वाटत नाही, पण ती बदलून स्वस्तातला टीएन जातीचा एलसीडी लावला तर तो खालून बघताना काळवंडतो, रंग उलटे दिसायला लागतात. आयपीएस जातीचा लावला तर हा त्रास जवळपास जातो.

आणि चकाकी! प्रकाश जेवढ्या कोनात येतो तेवढ्याच कोनात परत जातो, शाळेतला नियम. वरचेच आकडे घेतले तर उभ्या माणसाला काचेत जे प्रतिबिंब दिसतं ते क्षितिजापासून १३ अंश वरच्या दिशेचं, म्हणजे मागची भिंत किंवा मागे उभी असलेली माणसं. बसलेल्याला दिसतं ४८ अंश वरचं, म्हणजे थेट छत आणि छतावरचे दिवे. एकाच खोलीत, एकाच कॅबिनेटसमोर, एकाला स्वच्छ दिसतं आणि दुसऱ्याला ट्यूबलाईट दिसते, आणि पहिल्याला दुसऱ्याची तक्रार खरीच वाटत नाही कारण त्याच्या डोळ्याच्या जागेवरून दिवा दिसतच नाही. उपाय सोपा, स्क्रीन खाली घ्या आणि तिचा झुकाव बदलता येईल अशी बसवा, म्हणजे ती ज्याच्या त्याच्या डोळ्याकडे वळवता येते. एलसीडी काही किलोंचाच असतो त्यामुळे हे जमतं, जुनी पिक्चर ट्यूब एवढी जड असायची की तिला बिजागरीवर टांगायची हिंमत कुणी केली नसती.

एलसीडीमुळे आणखी एक झालं, कॅबिनेटचं पोट रिकामं झालं आणि सगळं वजनही उतरलं, त्यामुळे वरखाली होणाऱ्या टेबलाचे मोटरवाले पाय लावून अख्खा वरचा भाग उचलता येतो. एकच कॅबिनेट आता उभ्या माणसाला, लहान मुलाला आणि व्हीलचेअरला. मला हाच मार्ग सगळ्यात आवडतो, कोपऱ्यात एक वेगळं बुटकं यंत्र ठेवण्यापेक्षा कितीतरी चांगला, कारण मग मित्र जो गेम खेळतायत तोच खेळता येतो. फक्त खाली येताना मांडीवर दाब आला तर थांबेल असा सेन्सर हवा (परत तेच, पायाला संवेदना नसेल तर दाब कळत नाही), आणि खालचं वजन कमी झालं म्हणून पाया मागच्या बाजूला लांब करायला हवा, नाहीतर जोरात खेळताना पूर्ण कॅबिनेट हलतं. जपानमध्ये बसून खेळायची कॅबिनेटं रूढ आहेत, सेगाचं अ‍ॅस्ट्रो सिटी वगैरे, तिथे सगळेच स्टुलावर बसतात, त्यामुळे डोळा आणि पॅनेल दोन्हींची उंची आधीच बरी असते, स्टूल बाजूला केलं की अर्धं काम होतं. गुडघ्यांचं उरतंच.

ज्यांचे हातही नीट चालत नाहीत त्यांच्यासाठी मात्र आर्केडची वायरिंग देवासारखी धावून येते. १९८५ पासून जपानमध्ये जामा नावाचं ५६ पिनांचं एकसारखं कनेक्शन आलं, आणि त्यात बटण म्हणजे काय तर एक तार जमिनीला, म्हणजे ग्राउंडला टेकवणं, बस. दोन टोकं जुळली की बटण दाबलं गेलं. आता अपंगांसाठी जे मोठे बटण-स्विच, पायाने दाबायचे, गालाने किंवा फुंकरीने चालणारे स्विच मिळतात ते बहुतेक ३.५ मिलिमीटरच्या जॅकवर चालतात आणि तेही नुसती दोन टोकंच जुळवतात! म्हणजे मूळ मायक्रोस्विचला समांतर एक जॅक जोडला की झालं, मूळ बटण तसंच चालतं, शिवाय बाहेरचा स्विचही चालतो, आणि त्याने एक मिलिसेकंदही उशीर होत नाही. यूएसबीवरून नेलं तर तो प्रश्न येतो, ६० फ्रेमच्या गेमला एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची आणि सेकंदाला १२५ वेळाच विचारणारा एन्कोडर, म्हणजे बटणांचे सिग्नल यूएसबीवर पाठवणारा छोटा बोर्ड, त्यातले ८ पर्यंत खाऊ शकतो. मायक्रोसॉफ्टने २०१८ ला जो अडॅप्टिव्ह कंट्रोलर काढला त्याच्या मागे असेच १९ जॅक आहेत, आणि निन्टेन्डोने तर १९८९ लाच हनुवटीच्या जॉयस्टिकचा आणि फुंकरीचा कंट्रोलर काढला होता.

गेमच्या सर्किट बोर्डावरच्या छोट्या डिप स्विचेसकडेही बघा, गेमची सेटिंग त्यांनीच बदलतात. पॅक-मॅनच्या बोर्डावर एक, दोन, तीन किंवा पाच लाइफ ठेवता येतात आणि नाण्याशिवाय खेळायची सोयसुद्धा आहे. ज्याला हात हलवायला वेळ लागतो त्याला पाच लाइफ दिल्या तर कुणाचं काही जात नाही.

राहिला एकत्र खेळण्याचा प्रश्न. गाँटलेट (१९८५) सारख्या चार जणांच्या कॅबिनेटवर प्रत्येकाला जेमतेम खांद्याएवढी जागा मिळते आणि एका व्हीलचेअरला ७६ सेंटिमीटर लागतात, शिवाय इलेक्ट्रिक खुर्ची असेल तर आर्मरेस्टवरचा तिचा स्वतःचा जॉयस्टिक पॅनेलच्या कडेला आधी धडकतो. अशा वेळी एका खेळाडूचं पॅनेल सुटं करून केबलवर द्यायचं, मांडीवरच्या ट्रेवर ठेवायचं. जॉयस्टिकच्या ४ तारा, ६ बटणांच्या ६, स्टार्टची १ आणि ग्राउंडची १, अशा १२ तारांची केबल पुरते. तिला मध्ये झटक्याने सुटणारं कनेक्टर लावा म्हणजे खुर्ची अचानक मागे घेतली तर ट्रे खेचला जाणार नाही, आणि केबल जमिनीवरून न आणता पॅनेलच्या वरच्या कडेवरून आणा, खाली सोडली की ती पहिल्याच गेममध्ये चाकाखाली जाते.